आठव्यात शीव ओलांडत नाहीत

दिपमालाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती आणि तिचा भाऊ भूषण ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होता, तेवढ्यात गावच्या उपकेंद्राच्या नर्स सुलक्षणा सिस्टर तिथे पोचल्या. त्या आल्या होत्या बीपी बघायला. पिशवी पाहिली आणि त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, की ही तयारी कुठली.

विचारायची काही गरज नव्हती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते, गौराईची गाणी म्हणते आणि वर्षभराचं मनातलं ओतून रिकामी होऊन परत येते. तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भूषण त्यासाठीच सुरतेहून आला होता, कापडाच्या कारखान्यातून कशीबशी रजा काढून. शिवाय दिपमालाचं पहिलटकरणीचं पोट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर आखाजीहूनही पक्की. म्हणजे आता गेलेली दिपमाला बाळ घेऊनच परत येणार होती. दोन्ही कामं एका खेपेत होत होती, आणि घरात सगळे त्या हिशोबाने खुशीत होते.

सगळ्यांत खुशीत होती ती दिपमाला. एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी ही मुलगी त्या दिवशी सिस्टरला आपणहून सांगत सुटली होती, की आईने तिच्यासाठी कुरडया राखून ठेवल्यात, झोक्याला नवीन दोर आणलाय, आणि शेजारच्या सगळ्या जणी ती येणार म्हणून वाट बघतायत. बोलता बोलता तिने दंड पुढे केला. सिस्टरने पट्टा बांधला, हवा भरली, आणि आकडा बघत असताना त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

दिपमालाचं माहेर साक्री तालुक्यात, डोंगराच्या कडेला, सावरदरे नावाचं गाव. सिस्टर तिथे कधी गेल्या नव्हत्या, पण अशा गावांची त्यांना पक्की माहिती होती. दवाखान्याची इमारत नवी असते, रंग ताजा असतो आणि दाराला कुलूप असतं. डॉक्टरची जागा रिकामी. रुग्णवाहिका बोलावली तर ती खालच्या गावाहून निघते आणि घाट चढते न चढते तोवर इकडे जे व्हायचं ते होऊन जातं. उलट हे सासरचं गाव, आडगव्हाण, मोठ्या रस्त्याला लागून. एरंडोल हाकेच्या अंतरावर, आणि रक्त लागलंच तर जळगावला जायला सरळ रस्ता. दिपमालाच्या बाबतीत रक्त लागण्याचीच भीती होती. अंगाने मुळात बारकी, त्यात रक्त इतकं कमी की सिस्टरने तिला दोनदा एरंडोलला नेऊन सलाईनमधून लोहाचं औषध देऊन आणलं होतं. तरी पापणी ओढून पाहिली की आत पांढरंच दिसायचं.

हे सगळं त्यांनी दिपमालाच्या सासूला, कौतिकबाईंना, आधी समजावलं नव्हतं असं नाही. चांगलं बसून, चहा पिऊन समजावलं होतं. कौतिकबाई दर वाक्याला हो सिस्टर, हो सिस्टर म्हणाल्या होत्या आणि शेवटी म्हणाल्या होत्या, तिला पण माय आहे ना. बाई दुष्ट असती तर सोपं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

आणि हिलालची सून सिस्टरच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. हिलाल म्हणजे याच गावचा, शाळेमागे राहणारा. गेल्या वर्षी त्याची सून अशीच सातव्यात माहेरी गेली. सिस्टरने तिला महिनोन्‌महिने तपासलं, गोळ्या गिळताना समोर बसून पाहिलं, आणि भाऊ न्यायला आला तेव्हा जपून राहा म्हणून निरोप दिला. तिकडे बाळंतपणात रक्त थांबेना. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच ती गेली. मूल तेवढं वाचलं. हिलाल ते दुपट्यात गुंडाळून घेऊन आला आणि आता त्या मुलाला सुया टोचायला सिस्टरच जात होत्या.

नर्सच्या नोकरीत हे एक दुखणं कायम असतं, ते बाहेरच्याला कळत नाही. गावच्या सुनांची काळजी तुम्ही घ्यायची आणि बाळंत व्हायला त्या जाणार दुसऱ्याच नर्सच्या गावी. तुमच्याकडे येणार त्या गावच्या लेकी, आठव्या-नवव्यात, कुठून काय खाऊन आल्या त्याचा पत्ता नाही. सिस्टरने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींचा शेवट आणि आपल्या गोष्टींची सुरुवात तेवढी पाहिली होती.

त्यांनी पट्टा सोडला, मशीन पिशवीत ठेवलं, आणि कौतिकबाईंना हाक मारली.

"अक्का, हिला पाठवायचं म्हणता, पण हिला आठवा लागलाय."

कौतिकबाई हात पुसत बाहेर आल्या. सिस्टरने सांगितलं, की मागच्या वेळच्या सोनोग्राफीत बाळ पुढचं निघालं, आपण धरलं होतं त्याच्या महिनाभर पुढे. सांगायचं राहून गेलं. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. इतक्या वर्षांत त्यांनी इतक्या बायकांना इतक्या तारखा सांगितल्या होत्या, की ही खोटी तारीखही त्याच ओघात निघून गेली.

कौतिकबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"आठवा लागना ते कशी धाडू?" त्या भूषणला म्हणाल्या. "आठवामा शीव वलांडतस नई, भाऊ. तुले बी माहीत शे."

भूषणला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. सातव्यात गाडीत बसवून न्या, नाहीतर राहू द्या. आठव्यात गर्भारशीने गावची शीव ओलांडायची नाही. डॉक्टर सांगतो ते दहा वेळा मोडणारी माणसं ही एक गोष्ट मोडत नाहीत, आणि सिस्टरने नेमकी तीच पकडली होती. भूषण थोडा वेळ रेंगाळला, माय वाट पाहतेय असं दोनदा म्हणाला, आणि दुपारच्या बसने एकटाच गेला. पिशवी आत गेली. सिस्टर निघताना दिपमाला हळूच म्हणाली, "मनंच गणित चुकनं व्हई."

सिस्टर हो म्हणाल्या.

आखाजीच्या दिवशी आडगव्हाणच्या लेकी माहेरी आल्या होत्या. गल्लीत झोके चढले होते. सिस्टर लसीकरणासाठी आल्या तेव्हा दिपमाला दारात उभी राहून ते बघत होती. लेकी गात होत्या, ती सून होती, आणि तिचं गाणं दुसऱ्या गावाला होतं. सिस्टरला तिच्याकडे बघवेना. दिवस भरत चाललेत, उन्हात उभी राहू नको, असं काहीतरी बोलून त्या पुढे जायला लागल्या, तेव्हा दिपमालाने त्यांना थांबवलं. तिला आईबद्दल विचारायचं होतं.

आईचं नाव प्रमिलाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला, घरी एकटीच. तिचं डोकं गरगरतं, सकाळी उठलं की मागून दुखतं, एकदा हंडा घेऊन येताना पडली. सिस्टरने तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. पलीकडून हसरा, मोठा आवाज आला. बीपीची गोळी चालू होती, ती संपली. दवाखान्याला कुलूप असतं. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलंय खरं, पण एकटीने तिथे कुठे कागद काढायचा, कुठल्या रांगेत उभं राहायचं, ते काही समजत नाही. सिस्टरने चांगलं खडसावलं. शेजारणीला घेऊन जा, पण उद्याच जा. प्रमिलाबाई म्हणाल्या, की शेजारणीही आपल्यासारख्याच, आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ होईल.

"मनी पोर दसावी शिकेल शे," त्या म्हणाल्या. "ती उनी का जासू मी. तिनासंगे जासू."

लेक आल्यावर तिच्याबरोबरच त्या जाणार होत्या. फोन ठेवल्यावर दिपमाला सिस्टरच्या तोंडाकडे बघत राहिली. काही घाबरण्यासारखं आहे का, असं तिने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, गोळी लवकर चालू झाली पाहिजे.

त्या रस्त्याने गाडी चालवत निघाल्या आणि गावाबाहेर बाभळीखाली थांबल्या. अजून वेळ होती. परत जाऊन सांगायचं, की माझी चूक झाली, सातवाच आहे, जाऊ द्या हिला. मग दिपमाला जाईल, आईला धुळ्याला नेईल, गोळ्या चालू होतील. आणि मग तिथेच राहील, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. आणि मग ती जीप. सिस्टरने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. आई आज चालती-बोलती होती, फोनवर हसत होती. पोरीच्या अंगात रक्त नव्हतं. बीपीने माणूस काय लगेच जातो का, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बीपीने माणूस कसा जातो हे त्या रोज दहा जणांना सांगत असत. सांगतात ते स्वतःला लागू करणारं माणूस अजून जन्माला यायचंय. त्यांनी गाडी सुरू केली आणि पुढच्या गावाला गेल्या.

त्यानंतर त्यांनी प्रमिलाबाईंना दोन-तीनदा फोन केला. जाते जाते, एवढंच उत्तर मिळालं. साक्रीकडच्या ओळखीच्या नर्सला निरोप दिला, ती म्हणाली, माझ्याकडे तीन गावं जास्तीची आहेत, जमलं तर बघते. तिचंही खोटं नव्हतं.

पेरणीच्या तोंडावर एक दिवस सकाळीच कौतिकबाई उपकेंद्रात आल्या. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढलेला. दार लावून घ्या म्हणाल्या. प्रमिलाबाई गेल्या होत्या. पाण्याला गेल्या आणि हापशावरच कोसळल्या. अर्धं अंग लुळं, वाचा बंद. गावच्या दवाखान्याला कुलूप, म्हणून कुणाच्या तरी गाडीत घालून खाली नेलं, तिथून पुढे धुळ्याला. वाटेतच आटोपलं. भूषण सुरतेहून पोचला तो थेट स्मशानात.

"पोरीले सांगेल नई," कौतिकबाई म्हणाल्या. "नवीन म्हणे, आते आज-उद्या बाळंत व्हई. तवलोंग दम धरसूत. तुम्हले काय वाटस?"

नवीन म्हणजे दिपमालाचा नवरा, भला मुलगा. घरातल्या पुरुषांनी ठरवलं होतं ते त्यांच्या परीने बरोबरच होतं. दिवस भरलेल्या पोरीला असा धक्का कोण देईल? चार-आठ दिवसांचा तर प्रश्न. पण चार-आठ दिवसांचा प्रश्न नव्हता हे फक्त सिस्टरला माहीत होतं. अजून महिन्याच्या वर अवकाश होता. हो, थांबा थोडं, असं त्या काहीतरी बोलल्या. एका खोट्यावर दुसरं असं बसलं.

आता त्या घरात जे सुरू झालं ते बघायला काळीज दगडाचं हवं होतं. दिपमाला रोज आईला फोन लावायची. आईचा फोन भूषणजवळ होता. भूषण तो चार्ज करून ठेवायचा, उचलायचा, आणि सांगायचा, माय वावरात गेली, माय झोपलीय, मायचा घसा बसलाय. कौतिकबाई आणि नवीन दशक्रियेला सावरदऱ्याला गेले, ते लग्नाला जातो असं सांगून. परत येताना लग्नाहून आल्यासारखे वाटावेत म्हणून त्यांनी वाटेत लाडू विकत घेतले. दिपमालाने ते लाडू खाल्ले. सिस्टर बीपी बघायला गेल्या तर ती म्हणाली, माय माझ्यावर रुसलीय, आखाजीला आले नाही म्हणून बोलत नाही.

दिवस गेले, आठवडे गेले. कौतिकबाई बोटं मोजायला लागल्या. नववा भरला, दहावा लागला की काय, पोरीच्या पोटात काही बिघाड तर नाही? त्यांनी कुलदैवताला नारळ बोलला. नवीन रात्री झोपेना. एक दिवस भूषणने सिस्टरना फोन केला. तो मोठा माणूस, तो फोनवर रडत होता. अजून किती दिवस मायला झोपवून ठेवू, असं त्याने विचारलं.

सिस्टरने त्या दिवशी दुपारी गाडी आडगव्हाणला वळवली. कुणी बोलावलं नव्हतं, बीपीचा दिवस नव्हता. कौतिकबाई भाकरी थापत होत्या. दिपमाला भिंतीला टेकून, पाय पसरून लसूण सोलत बसली होती. सिस्टर तिच्यासमोर खाली बसल्या, तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"दिपमाला, तुझी आई गेली," त्या म्हणाल्या. "आखाजीनंतर, पेरणीच्या वेळेला."

चुलीजवळचा आवाज थांबला. कौतिकबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. दिपमालाचं तोंड उघडलं. आवाज निघणार तोच कौतिकबाईंनी तिला मिठीत दाबली. रडू नको बेटा, रडू नको, पोटातल्याला लागतं. पोरगी थरथरत होती आणि सासू तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरत होती, प्रेमानेच. सिस्टर तिच्या नाडीवर बोट ठेवून बसल्या. बऱ्याच वेळाने थरथर कमी झाली.

मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. आठवा नव्हता, सातवाच होता. तू जाऊ नयेस म्हणून मी खोटं बोलले. म्हणूनच अजून दिवस भरले नाहीत, पोटात बिघाड काही नाही. हे ऐकताना कौतिकबाईंचे हात पोरीच्या पाठीवरून खाली आले. दिपमाला सिस्टरकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मी तठे ऱ्हाती ते माय वाचती का?" तिने विचारलं.

किती उत्तरं देता आली असती. वेळ येते तेव्हा कोण काय करणार. देवाच्या मनात होतं. तू तरी काय केलं असतंस. रोज अशी उत्तरं देऊन सिस्टरची जीभ सराईत झालेली. पण त्या म्हणाल्या, "धुळ्याला नेली असतीस, गोळ्या चालू झाल्या असत्या, तर बहुतेक वाचली असती."

कौतिकबाईंनी त्यांना उठायला सांगितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की माझा रीतीवर भरवसा होता म्हणून तुमचं खोटं चाललं. मला खरं सांगून, पाया पडून थांबवलं असतं, तर मी थांबले नसते का? त्या दिवसापासून सिस्टर त्या घरात गेल्या नाहीत. गावची आशा कार्यकर्ती जाऊन बीपी बघून यायची आणि बाहेर उभ्या असलेल्या सिस्टरना आकडा सांगायची.

श्रावणाच्या आधी, खऱ्या तारखेला, दिपमालाला कळा सुरू झाल्या. फोन मात्र कौतिकबाईंनी सिस्टरलाच केला. एरंडोलला मुलगी झाली. आणि मग जे होईल म्हणून सिस्टर घाबरत होत्या तेच झालं. रक्त थांबेना. डॉक्टरांनी पोट दाबून धरलं, इंजेक्शनं दिली, गाडी तयारच होती. जळगावला रक्ताच्या पिशव्या चढल्या. रुग्णवाहिकेत सिस्टर तिच्या उशाशी होत्या, आणि सगळ्या रस्त्याने त्या तिच्या गालावर चापट्या मारत तिला जागं ठेवत होत्या. जागी राहा, डोळे उघड, माझ्याकडे बघ. सावरदऱ्याला असती तर ती घाटातच गेली असती. हे सगळ्यांना दिसत होतं, कौतिकबाईंनाही. जळगावच्या वऱ्हांड्यात त्यांनी सिस्टरना पाण्याची बाटली दिली, आणि गावात गेल्यावर सांगितलं की सिस्टर होती म्हणून सून हाती लागली.

दिपमाला घरी आली, बाजेवर पडली, मुलीला पाजायला लागली. डोळ्यांत पाणी दिसलं की कुणीतरी म्हणायचं, रडू नको, दूध आटेल. बाळंतिणीने रडलं की दूध आटतं, हे आडगव्हाणमध्ये लहान पोरालाही माहीत. आधी पोटातल्यासाठी तिला रडता आलं नाही, आता दुधासाठी. तिची आई मरून दोन महिने होऊन गेले होते आणि तिच्यापुरती ती अजून कुणी मरू दिली नव्हती.

लसीच्या पहिल्या डोसाला ती मुलीला घेऊन उपकेंद्रात आली. स्वतःच मुलीची मांडी उघडली, स्वतःच घट्ट धरली. सिस्टरने सुई टोचली. मुलगी केकाटली. तिला खांद्यावर घेऊन थोपटत दिपमाला म्हणाली, की भूषण मुऱ्हाळी येणार आहे, परवा. बाळ घेऊन माहेरी जायचंय. सव्वा महिना झालाय. तिथे घर उघडून ठेवलंय, पण घरात बाई नाही.

"तुम्हीच मले थांबाडं," ती म्हणाली. "आते तुम्हीच चला मनासंगे."

सिस्टरने रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं, तर घरचं काम म्हणाल्या.

भूषण, दिपमाला, बाळ आणि सिस्टर असे चौघे धुळ्यात उतरले, तिथून साक्रीची बस, तिथून जीप. घाटात सिस्टर खिडकीतून खाली बघत होत्या, प्रत्येक वळणाला. सावरदऱ्याचा दवाखाना रस्त्यालाच होता. नवा रंग, फाटकाला कुलूप, फाटकाशी शेळ्या बसलेल्या.

प्रमिलाबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. शेजारच्या बाया जमल्या होत्या. बाळ पहिल्यांदा आजोळी येतं तेव्हा दारात आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते, लेकीच्या पायांवर पाणी घालते, मग आत घेते. एका म्हाताऱ्या काकूने भाकरीचा तुकडा आणि तांब्या आणून ठेवला होता. ती पुढे व्हायला लागली, तर दिपमालाने मानेने नको म्हटलं आणि सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. जिच्या जागी त्या उभ्या होत्या तिचा फक्त आवाज त्यांना माहीत होता. त्यांनी तुकडा बाळावरून ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला, दिपमालाच्या पायांवर पाणी घातलं.

दिपमाला आत आली. चुलीशी गेली. चूल सारवलेली होती, भूषणनेच सारवली असावी, बोटं ओबडधोबड उठली होती. तिने त्या चुलीवर हात ठेवला आणि बाळ सिस्टरकडे दिलं.

सिस्टर बाळ घेऊन ओट्यावर आल्या आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं. आतून तो आवाज आला तेव्हा ओट्यावरच्या सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. माय वं, माय वं, असा लांबलचक, लहान मुलीसारखा. म्हातारी काकू दाराकडे धावली.

"रडू नका दिऊ तिले," ती म्हणाली. "बाळंतीण शे. दूध आटी जाई."

सिस्टर दारासमोर बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"नाही आटत काकू," त्या म्हणाल्या. "मी नर्स आहे, मला माहीत आहे. रडल्याने दूध आटत नाही. तिला रडू द्या."

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती हळूच खाली बसली, आणि तिच्यामागे बाकीच्या बायाही बसल्या. कुणी दार उघडायला गेलं नाही. आतला आवाज बराच वेळ चालू होता, आणि बाळ सिस्टरच्या मांडीवर झोपून गेलं.